उजव्या खांद्यावर तात्या

निफाडच्या माझ्या सासुरवाडीत मला मान आहे, नाही असं नाही, पण तो पाटावर बसण्यापुरता. बागेला पाणी सोडायचं असो की ट्रॅक्टर मागे घ्यायचा असो, मी नुसता उठून उभा राहिलो तरी चार माणसं धावत येतात आणि म्हणतात, "दाजी, तुम्ही बसा, चहा घ्या." अंबडच्या कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. माझ्या सहीशिवाय एक स्विच गेटबाहेर जात नाही. पण सासुरवाडीत मी वाजवून पसंत केलेलं कलिंगडसुद्धा मागाहून कुणीतरी परत वाजवून बघतं.

म्हणून २००६ सालच्या डिसेंबरात माझा मेहुणा किशोर सुमोतून एक मोठी काचेची पेटी घेऊन आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या फ्लॅटवर आला आणि म्हणाला, "दाजी, हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे ठेवायचा धीर होत नाही मला," तेव्हा माझी छाती फुगली. पेटीत काय आहे ते बघायच्या आधीच मी हो म्हणालो. माझी बायको सरिता म्हणते की माझे सगळे घोटाळे याच क्रमाने झालेले आहेत. त्यात आमचं लग्नही धरायचं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

पेटीत सरडा होता. किशोर त्याला इग्वाना म्हणत होता, पण नाव परदेशी असलं म्हणून सरडा काही साहेब होत नाही. हिरवागार, शेपटीसकट दोन हात लांब, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी कातडी, अर्धवट मिटलेले डोळे, आणि चेहऱ्यावर लग्नातलं जेवण न आवडलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा भाव.

"याला तात्या म्हणतो आम्ही," किशोर म्हणाला. "आणि अहो-जाहो करायचं बरं का दाजी. अरे-तुरे केलं तर ढुंकून बघत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे मीच की. आणि उचलताना शेपटीखाली दुसरा हात घ्यायचा. नाहीतर बिचकतो." हे शेपटीचं त्याने जिना उतरेपर्यंत सांगितलं आणि सुमो सुरू करून काच खाली करून पुन्हा एकदा सांगितलं.

कारण विचाराल तर वरवरचं कारण थंडी. निफाडचा पारा डिसेंबरात पेपरात छापून येतो, आणि तात्याला ऊब लागते. खरं कारण नांदगावचं होतं. नांदगावच्या सावळीरामांच्या मुलीशी, स्नेहलशी, किशोरचं जमत आलं होतं. सुपारी फुटली होती, लग्न माघात धरलं होतं. मुलगी नाशकातच हॉस्टेलला राहून बी.एड. करत होती. अडचण एकच होती, ती म्हणजे सावळीराम. हा माणूस पंचांग बघितल्याशिवाय केसही कापत नाही. विहिरीवरची मोटार जळाली तर ती कुठल्या नक्षत्रावर जळाली ते आधी बघतो, मग वायरमनला बोलावतो. घरात सरडा पाळलाय हे त्याला कळलं असतं तर सुपारी परत आली असती.

"दाजी, ही मुलगी हुकली तर मी दुसरी करणार नाही," किशोर म्हणाला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. कांदेपोह्यांच्या वेळी एकदा पाहिलेल्या मुलीसाठी हे जरा जास्त होतं, असं मला वाटलं. पण मेहुण्याचा संसार माझ्या बाल्कनीवर अवलंबून आहे, ही भावनाच इतकी मोठी होती की बाकीचा विचार मी केला नाही.

तात्याचा तसा त्रास नव्हता. तो मेथी खायचा, भोपळा खायचा, आणि सकाळी बाल्कनीच्या जाळीशी उन्हात बसून माझ्याकडे नापसंतीने बघायचा. मीही चहा घेऊन तिथेच बसू लागलो. माझ्याशेजारी बसून मला एकही सल्ला न देणारा असा प्राणी घरात पहिल्यांदाच आला होता. फक्त एक होतं, त्याला जास्वंदीचं फूल लागायचं. लाल. त्याशिवाय तो मेथीला तोंड लावायचा नाही.

जास्वंद आमच्या सोसायटीत एकच. आणि त्या जास्वंदीवर अक्काबाईंच्या गणपतीचा हक्क. अक्काबाई म्हणजे आमचे चेअरमन चिमाजी बोडके यांच्या मातोश्री. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले चिमाजी सोसायटी चालवतात, आणि चिमाजींना अक्काबाई चालवतात. मी पहाटे फूल तोडायला जाऊ लागलो, तर त्या आणखी पहाटे येऊ लागल्या. शेवटी एकदा झाडापाशीच गाठ पडली.

"खैरनार, तुम्ही कधीपासून देव-देव करायला लागलात?"

"मनःशांतीसाठी, अक्का."

"मग एक कळी घ्या. उमललेली माझ्या गणपतीची," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या बाल्कनीवर नजर ठेवू लागल्या. तात्याच्या उबेसाठी मी पेटीवर मोठा बल्ब लावला होता. तो दिवसभर जळतो म्हटल्यावर चिमाजी विचारायला आले, "कोंबड्यांची अंडी उबवताय का? सोसायटीच्या नियमात बसत नाही." मी नाही म्हणालो. पण घरात या म्हणालो नाही, आणि तिथेच चुकलं. आमच्याकडे दाराशी आलेल्या माणसाला आत बोलावलं नाही की आत काहीतरी भानगड आहे, हे पुराव्याशिवाय सिद्ध होतं.

दुसऱ्याच दिवशी अक्काबाईंना समोरच्या गच्चीतून जाळीला चिकटलेला तात्या दिसला. "घोरपड," त्या म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत आमच्या जिन्यात उभं राहायला जागा उरली नाही.

मग सल्ले सुरू झाले. घोरपडीचा श्वास लागला तर माणूस वाळत जातो. शेपटीचा फटका बसला तर ती जागा काळी पडते आणि पुढे गळून जाते. एकदा चिकटली की ढग गडगडल्याशिवाय सोडत नाही, आणि आता तर हिवाळा, म्हणजे जूनपर्यंत थांबावं लागणार. तळमजल्यावरचे एकजण म्हणाले की तिच्यापासून लांब राहा, तिचं नखसुद्धा विषारी असतं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की तेल काढणार असाल तर बाटलीभर ठेवा, गुडघ्याला फार छान.

"अहो, हा इग्वाना आहे. पालेभाजी खातो," मी सांगत होतो.

"तुमच्यासमोर खात असेल पालेभाजी," चिमाजी म्हणाले.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. ठराव असा झाला की, ही घोरपड नाही असा वनखात्याचा दाखला रविवारपर्यंत आणावा, नाहीतर रविवारी सकाळी सोसायटी स्वतः बंदोबस्त करेल. स्वतः म्हणजे वॉचमन नाथा, आणि बंदोबस्त म्हणजे काठी. नाथाने ती काठी तेल लावून जिन्याखाली ठेवली. तात्याला मारलं तर किशोरला काय तोंड दाखवायचं, हा विचार डोक्यातून जाईना. आणि खरं सांगायचं तर नुसतं किशोरसाठीच नाही. मला त्या प्राण्याची सवय झाली होती.

मी कारखान्यात अर्धी रजा टाकून वनखात्यात गेलो. तिथे रावजी नावाचे वनरक्षक भेटले. त्यांनी माझ्या मोबाइलमधला धुरकट फोटो उजेडात धरून पाहिला. "घोरपड असती तर तुम्हाला आत टाकलं असतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं, त्यांना जरा वाईटच वाटतंय.

"म्हणजे घोरपड नाही ना? तसं लिहून द्या."

"कसं देणार? जे आहे त्याचा दाखला मिळतो. जे नाही त्याचा कसा मिळेल? उद्या कुणी येऊन म्हणेल, माझी म्हैस वाघ नाही असं लिहून द्या."

"मग हा इग्वाना आहे असा द्या."

"तो आपल्या देशातला नाही, त्यामुळे आमच्याकडे तो नाहीच. पशुसंवर्धनला जा." पशुसंवर्धनला गेलो. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, दूध देतं का? अंडी देतं का? तात्या यातलं काही देत नाही म्हटल्यावर त्यांनी मला महापालिकेत पाठवलं, आणि महापालिकेत कळलं की त्यांच्याकडे कुत्री आणि डुकरं धरायची गाडी आहे, पण सध्या गाडीच कुणीतरी नेली आहे. माझी बाजू कागदावर कुठेच चढेना. सगळी कार्यालयं पालथी घालून मी घरी आलो तर दारात कॅमेरा उभा होता.

केबलवर आमच्याकडे रोज संध्याकाळी स्थानिक बातम्या लागायच्या. त्यांचा बातमीदार लखन. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. आठवड्यापूर्वी उसाच्या शेतात निघालेला बिबट्या त्याच्या हातून निसटला होता, म्हणजे चित्रीकरणाआधीच जंगलात गेला होता, आणि ते दुःख त्याच्या तोंडावर अजून होतं. त्याने कॅमेरा तात्याच्या नाकाला टेकवून ठेवला. पडद्यावर नुसतं नाक आणि जबडा. मागे कुठल्याशा मालिकेतलं खून होतानाचं संगीत.

"आतापर्यंत किती जणांना चावलं?" त्याने मला विचारलं.

"कुणालाच नाही."

संध्याकाळी बातमी लागली, 'सिडकोतल्या सोसायटीत मगर. अद्याप कुणाला चावल्याचं वृत्त नाही.' त्या 'अद्याप'ने घात केला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मुलांना माहेरी पाठवून दिलं.

पण खरा घात मीच केला होता. कॅमेरा, लाइट, जिन्यात अख्खी सोसायटी. मला आपली अब्रू दिसत होती. मी म्हणालो, "हे बघा, हे माझं नाही. माझ्या मेहुण्याचं आहे. किशोरचं. निफाडच्या." सगळं नीट, गावासकट. तपासणी खात्यात असल्यामुळे मला अर्धवट माहिती द्यायची सवयच नाही. दुसऱ्या दिवशी पेपराच्या जिल्ह्याच्या पानावर चौकट आली, 'मगर पाळणारा तरुण निफाडचा.' आणि जिल्ह्याचं पान नांदगावलाही जातं.

किशोरचा फोन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "दाजी, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता." सरिताने माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि मी मागितलंही नाही. एकच गोष्ट माझ्याकडे सोपवली गेली होती, आणि तीसुद्धा मी सांभाळू शकलो नव्हतो.

रविवार उजाडला. सकाळी चिमाजी आले, मागे पूजेची परडी हातात घेऊन अक्काबाई, त्यांच्या मागे काठी घेऊन नाथा. "दाखला?" चिमाजींनी विचारलं. मी रावजी, पशुसंवर्धन, डुकरांची गाडी असं सगळं सांगायला सुरुवात केली. "म्हणजे नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी नाथाला खूण केली. नाथाने डोळे मिटून काठी पुढे केली, ती पेटीच्या झाकणावर लागली, झाकण उडालं आणि तात्या सरसर पडदा चढून वर दांडीवर जाऊन बसला. नाथा माझ्या आधी जिन्यात पोचला.

तिथेच त्याची टक्कर सावळीरामांशी झाली. पांढरी टोपी, काखेत पिशवी, मागे स्नेहल. मुलीला हॉस्टेलवरून घेऊन ते थेट आमच्याकडे आले होते. ते आत आले आणि कुणी बसा म्हणायच्या आत कोचावर बसले. नेमके पडद्याखाली.

"पाव्हणं, मी लांबण लावणार नाय," ते म्हणाले. "पेपरात वाचलं. ज्या घरात असलं जनावर हाय, तिथं पोरगी द्यायची नाय. सुपारी परत घ्या, म्हणजे विषय मिटला."

स्नेहल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सरिता पाण्याचा तांब्या घेऊन तशीच थांबली. आम्ही सगळेजण सावळीरामांच्या डोक्याच्या वर बघत होतो आणि बघत नसल्यासारखं करत होतो.

"कुठं हाय ते?" त्यांनी विचारलं.

"पेटीत नाही," मी म्हणालो. खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

तेवढ्यात तात्याला दांडी गार लागली असावी. तो पडद्यावरून सावकाश खाली आला आणि सावळीरामांच्या उजव्या खांद्यावर चढून बसला. अंगात लोकरी कोट होता, ऊब होती.

सावळीरामांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. हलला नाही तो माणूस. ओठही न हलवता म्हणाले, "कंचा खांदा?"

आणि मग जे झालं ते आमच्याच लोकांत होऊ शकतं. इतका वेळ घोरपड-घोरपड करणाऱ्या अक्काबाई पुढे झाल्या. "उजवा," त्या म्हणाल्या. "हलू नका. सरडा चढला तर पुरुषाला उजवं चांगलं, बाईला डावं."

"माझ्या पिशवीत पंचांग हाय. सरड्याचं पान काढा."

सरिताने तांब्या खाली ठेवला, पान काढलं आणि वाचलं, "उजवा खांदा, जय." सावळीरामांचा चेहरा एकदम सैल पडला. मलाही वाटलं, सुटलो. पण तात्या उठला. त्याने मानेवरून पलीकडे, डाव्या बाजूला पाय टाकला.

"डावा खांदा?" सावळीरामांचा आवाज चिरकला.

"शत्रुभय," सरिता म्हणाली.

"जिथं पहिल्यांदा चढला तेच धरायचं," सावळीराम म्हणाले.

"असं कसं? जिथून उतरेल ते खरं," अक्काबाई म्हणाल्या.

"मतदान घ्यायचं का?" चिमाजींनी विचारलं. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तात्या आता टोपीवर होता, आणि सरिताने डोक्याचं फळ मनातल्या मनात वाचून पंचांग हळूच छातीशी धरलं होतं. माझ्या मेहुण्याचा अख्खा संसार त्या टोपीवर बसून जीभ बाहेर काढत होता. मी अक्काबाईंच्या परडीतलं उमललेलं जास्वंद उचललं. त्यांनी माझा हात धरला नाही, एवढे उपकार मी विसरणार नाही. सावळीरामांच्या उजव्या हाताशी गुडघे टेकून मी फूल पुढे केलं. तात्याने फुलाकडे पाहिलं, मग डाव्या खांद्याकडे पाहिलं. त्याचं काही ठरेना.

"तात्या," दारातून आवाज आला, अगदी हळू. "असं नाही करायचं. या बरं इकडं."

तात्याने मान वळवली. टोपीवरून उजव्या खांद्यावर आला, उजव्या बाहीवरून खाली उतरला, फूल तोंडात धरलं. स्नेहल वाकली आणि तिने त्याला उचललं. दुसरा हात शेपटीखाली घेतला.

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. तात्याचं नाव पेपरात आलं नव्हतं. त्याला अहो म्हणायचं हे तर नाहीच नाही. 'याला तात्या म्हणतो आम्ही.' ते 'आम्ही' कोण हे मला आत्ता कळलं. हॉस्टेलवर ठेवता येईना म्हणून तात्या निफाडला गेला होता, आणि एकदाच पाहिलेल्या मुलीसाठी किशोरचे डोळे का भरून आले होते, तेही कळलं. मध्यस्थ, कांदेपोहे, सांगून आलेलं स्थळ, सगळं या दोघांनी रीतसर जुळवून आणलं होतं. मेहुण्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता, पण हसू येत होतं.

"पोरी, तुला भ्या नाय वाटलं?" सावळीराम घाम पुसत म्हणाले.

"उजव्या अंगानं उतरला ना आप्पा. मग कसली भीती?" स्नेहल म्हणाली. सरिता खोकल्याचं निमित्त करून आत गेली.

सुपारीचा विषय परत निघाला नाही. उलट सावळीराम चहा घेता घेता म्हणाले की असं शुभ जनावर दुसऱ्याच्या दारी ठेवायचं नाय, ते आपल्या मुलीच्या रुखवतात मांडायचं आणि तिच्याबरोबर सासरी पाठवायचं. किशोरला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर मी नाही. नाथाची काठी पुन्हा गेटवर गेली. अक्काबाई रोज सकाळी एक उमललेलं फूल आमच्या दाराला अडकवून जाऊ लागल्या, आणि जाताना आपला डावा खांदा जाळीशी थोडा वेळ टेकवून बघायच्या. चिमाजी उजवा टेकवायचे.

माघात नांदगावला लग्न झालं. रुखवतात लाडू, करंज्या, स्टीलची भांडी, आणि मधोमध झेंडूच्या माळा घातलेला तात्या. लखन आला होता. 'नवरीबरोबर सासरी निघाली भाग्यलक्ष्मी मगर,' असं तो कॅमेऱ्यापुढे म्हणत होता. मगर त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. पेटीपुढे उजवे खांदे पुढे करून पुरुषांची रांग लागली होती. बिचाऱ्या तात्याला झोप मिळेना.

पाठवणीच्या आधी त्याला गाडीतल्या पेटीत ठेवायचं काम माझ्याकडे आलं. किशोरच म्हणाला, "दाजींनाच ठेवू द्या, त्यांचा हात त्याच्या ओळखीचा आहे." आणि या वेळी चार माणसं धावत आली नाहीत. मी मांडवामागे जाऊन त्याला उचललं, दुसरा हात शेपटीखाली. तर तो पेटीत जाईना. माझ्या सदऱ्याला नखं रोवून वर चढला, डाव्या खांद्यावर गेला, मानेला हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले. बाल्कनीत तो जाळीशी असाच बसायचा. मला फार वाईट वाटलं. मी त्याला म्हणालो, "तात्या, जायला लागतं. सगळ्यांनाच जायला लागतं." तो हलला नाही.

तेवढ्यात सावळीराम रडून लाल झालेले डोळे पुसत येताना दिसले. मी आहेरातलं उपरणं ओढून डावा खांदा झाकून घेतला.

"पाव्हणं, बसला का तुमच्या अंगावर?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं. "कंचा खांदा?"

"उजवा," मी म्हणालो.

ते समाधानाने गेले. मग मी बराच वेळ तसाच उभा राहिलो, गाडीवाल्याने हॉर्न देईपर्यंत.

घरी आमच्याकडेही पंचांग आहे, देवघराशेजारी खिळ्याला टांगलेलं. त्यातलं सरड्याचं पान मी अजून उघडलेलं नाही.